काळ्या मातीतले चाक

गेल्या डिसेंबरात अहमदपूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने गेलो असता तेथील एका ज्येष्ठ शिक्षकांनी आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरी करतो. त्याने नुकतीच उंच बांधणीची, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी मोटार घेतली आहे. तिला ‘ऑल-टेरेन’, म्हणजे कोणत्याही जमिनीवर चालणारे टायर आहेत. बर्फ पडायला लागल्यावर शेजारीपाजारी त्याला सांगू लागले, की हिवाळ्याचे टायर वेगळे घ्या. “सर, कोणत्याही जमिनीवर चालणारे म्हटल्यावर त्यात बर्फ आलाच की नाही? मग हा दुसरा खर्च कशाला?” असा गुरुजींचा सवाल होता.

हा प्रश्न आम्हालाच विचारण्याचे कारण गुरुजींच्या चेहऱ्यावर दिसत होते. दोनच महिन्यांपूर्वी, परतीच्या पावसात, विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करत असताना शिरूर ताजबंदच्या अलीकडे आमची जीप एका गाडीवाटेवर रुतली होती आणि ती बातमी आमच्या आधी शाळेत पोहोचली होती. आमच्याही जीपला नवे ऑल-टेरेन टायर होते. डांबरी रस्ता सोडून शंभर मीटर गेलो नाही तोच टायरांच्या खाचा काळ्या चिखलाने भरल्या, चारही चाके गुळगुळीत गोळे होऊन जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी पोटावर टेकली. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याने लाल कंधारी बैलांची जोडी आणून आम्हाला बाहेर काढले. टायर विकत देणाऱ्याला आम्ही नावे ठेवू लागलो तेव्हा तो म्हणाला, “टायराचं काय घेऊन बसलाव सायेब, वापसा तर येऊ द्यायचा की.”

मिनेसोटातला बर्फ आणि लातूर-नांदेडकडचा चिखल यांचा तसा काही संबंध नाही. पण चाक कोणत्या जमिनीवर चालते आणि कोणत्या जमिनीवर हार मानते, हा प्रश्न आपल्या भागात काही शतके विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरे वेळोवेळी बदलली आहेत. गुरुजींना द्यायचे उत्तर त्या इतिहासातून अधिक नीट समजते असे आम्हाला वाटते.

सुरुवात मातीपासून करू. लातूर जिल्हा आणि नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा हा खडक झिजून, कुजून आपली काळी माती झाली. देगलूर-बिलोलीकडे गेलात की हा खडक संपतो, ग्रॅनाइट उघडा पडतो आणि मातीही हलकी, वाळूसर होते. तिकडचा चिखल पायाला तितका धरत नाही हे त्या भागातल्या शिक्षकांना माहीत असेल.

खोल काळ्या मातीत निम्म्याहून अधिक वाटा अतिसूक्ष्म चिकणमातीच्या कणांचा असतो आणि त्यातले मुख्य खनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. पुस्तकाच्या पानांसारखे त्याचे थर असतात. पाणी या पानांच्या मध्ये शिरते, पाने एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्या काळ्या मातीवरून भरलेली गाडी दगडी फरशीवरून जावी तशी जाते. तीच माती ओली झाली की तिची भार पेलण्याची ताकद कित्येक पटींनी घटते आणि वर ती चिकटते. या दोन टोकांच्या मधल्या अवस्थेला, म्हणजे माती औताला धड जडही नाही आणि चिकटही नाही अशा ओलाव्याला, शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. मृदाशास्त्रात यासाठी प्रयोगशाळेत मोजायच्या मर्यादा आहेत. शेतकरी मूठभर माती दाबून पाहतो आणि बहुधा बरोबर सांगतो.

अशा जमिनीवर जुन्या काळी चाकाचा फारसा उपयोगच नव्हता. सतराव्या शतकात भारतात फिरलेला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. धान्य, मीठ असा माल बंजारा समाजाचे लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून नेत. मुखेड, किनवट, उदगीर या भागांत आज जे लमाण तांडे आहेत त्यांच्या पूर्वजांचा हा व्यवसाय. बैलाच्या खुराखालचा दाब काही कमी नसतो. साडेतीनशे किलोचा बैल आणि पाठीवर शंभर किलो ओझे धरले आणि चालताना तीन पाय टेकलेले धरले, तर तो दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या घरात जातो. म्हणजे बैलही चिखलात रुततो. पण तो पाय उचलू शकतो. शिवाय त्याचा खूर दुभंगलेला असल्याने टेकताना फाकतो आणि उचलताना मिटतो. चाकाला ही सोय नाही. रुतलेले चाक पुढे सरकताना सतत स्वतःच केलेल्या खड्ड्याचा चढ चढत असते.

पाठीवरच्या गोणीलाही पावसाळ्यात मर्यादा होत्याच. म्हणून चार महिने प्रवास बंद आणि दसऱ्याला सीमोल्लंघन. मोहिमा दसऱ्यानंतर निघत यामागे पिके, नद्यांचे पूर, जनावरांचा चारा अशी अनेक कारणे होती, त्यांत वाळत आलेली जमीन हेही एक मोठे कारण होते. याला अपवाद १८०३ सालचा. जालन्याजवळ असईची लढाई २३ सप्टेंबरला झाली. भर पावसाळ्यात वेलस्लीने तोफा दख्खनमधून ओढत आणल्या त्या म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या निवडक बैलांच्या जोरावर.

गाड्या नव्हत्याच असे नाही. भरीव चाकांचे जड गाडे होते, पण ते गावच्या शिवाराबाहेर क्वचितच पडत. आपल्याला आज ‘पारंपरिक’ वाटणारी आऱ्यांची हलकी बैलगाडी या मुलखात त्या मानाने अलीकडची आहे. १८३० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या लेफ्टनंटने सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णी येथे सुधारलेल्या गाड्या बनवून घेण्याचे काम सुरू केले आणि तेथून हा नमुना आसपास पसरत गेला. शाळेतल्या मुलांना हे सांगितले की ती चकित होतात. आजोबांच्या आजोबांच्या काळातली वस्तू अनादी काळापासून असल्यासारखी वाटते.

या गाडीचे चाक हा कारागिरीचा उत्तम नमुना आहे. मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना परिघाचे लाकडी तुकडे आणि या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना प्रसरणाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. लोहार धावेचे कडे चाकाच्या परिघापेक्षा मुद्दाम थोडे लहान करतो. गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगटीत ते लालबुंद होईपर्यंत तापवतो. मग दोघे-तिघे सांडशीने ते उचलून चाकावर बसवतात, घणाने ठोकतात आणि लगेच पाणी ओततात. लाकूड पेटण्याच्या आत लोखंड आकसते आणि सगळे सांधे करकचून बसतात. १४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परिघ सुमारे ४४० सेंटिमीटर होतो. लोखंडाची लांबी दर अंश सेल्सिअसला ०.००००१२ पट वाढते. तापमान ५०० अंशांनी वाढवले तर परिघ किती वाढेल? ४४० गुणिले ०.००००१२ गुणिले ५००, म्हणजे २.६ सेंटिमीटर. लोहाराला कडे किती तोकडे ठेवायचे याचा अंदाज या आकड्याच्या आतला ठेवावा लागतो. तो दोरीने मोजून ठेवतो. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल झाली की चाक ओढ्यात भिजत घालत, म्हणजे लाकूड पुन्हा फुगे. इकडे लोखंडाचे आकसणे, तिकडे लाकडाचे फुगणे, आणि दोन्ही चाकाच्याच उपयोगी.

पण धाव अरुंद असते आणि तेथे काळी माती तिला पकडते. एक ढोबळ हिशेब करून पाहू. समजा, एका चाकावर अर्धा टन भार आहे, धावेची रुंदी ५ सेंटिमीटर आहे आणि भिजलेली जमीन दर चौरस सेंटिमीटरला १ किलो भार पेलते. तर धावेला ५०० चौरस सेंटिमीटर टेकू हवा, म्हणजे १०० सेंटिमीटर लांबी जमिनीत असायला हवी. ७० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकात १०० सेंटिमीटरची जीवा मिळवायची तर चाक किती रुतेल, हे पायथागोरसच्या प्रमेयाने नववीचा विद्यार्थी काढू शकेल. उत्तर २१ सेंटिमीटर. प्रत्यक्षात याहून अधिकच, कारण चालत्या चाकाला मागच्या अर्ध्या भागाचा टेकू फारसा मिळत नाही.

भार वाटून द्यावा ही कल्पना आपल्या भागात आधी रुळांवर आली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने बांधलेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरपर्यंत आली. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, इंजिन असो की डबा, या एका नियमावर त्याने सारी गाडी आखली होती. म्हणून हलके रूळ चालले. लातूरच्या अडतबाजाराची भरभराट या चिमुकल्या गाडीने केली. तिच्या जागी रुंद रूळ येण्याचे काम २००८ पर्यंत चालले. मात्र शेतापासून स्टेशनापर्यंतचा प्रवास धावेवरच राहिला.

रबर आणि हवा यांची जोडी जुळायला जगातही वेळ लागला. चार्ल्स गुडइअरने १८३९ साली गंधक घालून रबर पक्के करण्याची युक्ती शोधली. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले, लंडनच्या बागेत घोडागाडीला ती चाके लावून दाखवलीही. पण चांगले पातळ रबर महाग होते आणि कल्पना विस्मरणात गेली. १८८८ साली बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर जॉन डनलप याने ती नव्याने शोधली. त्याचा पहिला प्रयोग कोणत्याही शाळेत करण्याजोगा आहे. त्याने लाकडी चकतीला हवा भरलेली नळी गुंडाळली आणि ती व मुलाच्या तिचाकीचे भरीव रबराचे चाक अंगणात सारख्याच जोराने सोडून दिले. भरीव चाक मध्येच पडले. हवेचे चाक अंगण ओलांडून फाटकावर आपटले.

गुरांच्या डॉक्टरने शोधलेले हे चाक गुरांच्या गाडीला लागायला मात्र चार-पाच दशके गेली. भारतातला टायरांचा पहिला कारखाना डनलप कंपनीनेच १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे उभारला. जनावरांनी ओढायच्या गाड्यांचे टायर हा आपल्याकडच्या टायर उद्योगात एक स्वतंत्र वर्गच झाला. याच सुमारास रस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने पेट्रोलवरच्या करातून रस्त्यांसाठी निधी उभारण्याची शिफारस केली होती, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि मोटारवाल्यांची एक जुनी तक्रार तेथे इंजिनिअरांच्या तोंडी आली : लोखंडी धाव रस्ता कापते. गाडीवानाची तक्रार अशी, की डांबरी रस्त्यावर आमच्या बैलांची नाल घसरते. दुसऱ्या तक्रारीसाठी कोणती समिती नेमली गेल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता वरचाच हिशेब टायरसाठी करू. रुंदी १६ सेंटिमीटर, त्रिज्या ३५ सेंटिमीटर, भार तोच अर्धा टन. टेकलेली लांबी लागेल ३१ सेंटिमीटर आणि चाक रुतेल जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. चाकाचा व्यास निम्मा झाला, तरीही रुतणे सहा पटींनी कमी झाले. हवा कमी ठेवली तर टायर चपटा होऊन आणखी पसरतो. टायरमधल्या हवेचा दाब आणि टायरचा जमिनीवरचा दाब हे जवळजवळ सारखे असतात, ही गोष्ट आम्ही पदवीच्या वर्गातही पुष्कळदा समजावून सांगितली आहे आणि पुष्कळदा ती कोणाला पटलेली नाही.

मराठवाड्यात टायरगाडी खरी पसरली ती उसामुळे. सहकारी कारखाने आले, मांजरा आणि गोदावरीच्या काठी ऊस वाढला आणि दसऱ्या-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालणारा गळीत हंगाम हा आपल्याकडचा खरा ‘हिवाळी वाहतुकीचा’ काळ झाला. आभाळ कोरडे, रस्ते कोरडे, पण उसाचे शेत पाणी दिलेले, ओले. पहाटेच्या थंडीत कोयत्यावरची जोडपी ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, टायरगाडी भरतात आणि ती गाडी आधी ओल्या वावरातून, मग गाडीवाटेवरून, मग डांबरी रस्त्यावरून कारखान्याच्या वजनकाट्यावर जाते. एकाच फेरीत तीन प्रकारची जमीन. ‘कोणत्याही जमिनीवर चालणारे’ हे शब्द कोणाला खऱ्या अर्थाने लागू पडत असतील तर ते या गाडीला.

या टायरगाडीने बैलांचे श्रम कमी केले काय? वाटते तसे उत्तर सरळ नाही. १९६५ साली केंद्र सरकारने ओढकामाच्या जनावरांबाबत जे नियम केले त्यांत साध्या चाकाच्या गाडीपेक्षा हवेच्या टायरच्या गाडीला दीडपट आणि बॉलबेअरिंग असल्यास दुप्पट वजनाची मुभा दिली. म्हणजे चाक सुधारल्याने जे वाचले ते नियमानेच वजनात घातले. उसाच्या गाडीवर तर दोन-अडीच टन माल सर्रास दिसतो. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडीचा प्रश्न तज्ज्ञांच्या टेबलावर आणला. देशात तेव्हा सुमारे दीड कोटी बैलगाड्या होत्या असे सांगितले जाई, आणि एवढ्या मोठ्या वाहतूक व्यवस्थेकडे इंजिनिअरांनी पाहिलेच नव्हते. जू मानेला घासते, गाडीला ब्रेक नाही, वंगणाऐवजी कसलेही तेल चालते, अशा अगदी साध्या गोष्टी त्यांनी पुन्हा पुन्हा मांडल्या.

आकडेच पाहू. बैलजोडीचे वजन ८०० किलो धरले तर दिवसभर टिकेल अशी त्यांची ओढ वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे ८० किलोची असते. गाडी आणि ऊस मिळून २९०० किलो. डांबरी रस्त्यावर चांगली हवा असलेल्या टायरला या भाराच्या सुमारे २ टक्के ओढ लागते, म्हणजे ५८ किलो. हे जमते. ओल्या वावरात हेच प्रमाण १५ टक्क्यांवर जाते, म्हणजे ४३५ किलो. टिकाऊ ओढीच्या पाचपटींहून अधिक! म्हणून वावरातून बाहेर पडण्यासाठी जोडीला जोडी लावतात, किंवा अर्धी गाडी भरून बांधाबाहेर काढतात आणि उरलेल्या मोळ्या डोक्यावरून आणतात. वीसास एक अशा चढावर १४५ किलोंची भर पडते. तेथे गाडीवान खाली उतरतो आणि चाकाला खांदा लावतो.

उतार अधिक वाईट. वीसास एक उतारावर गाडीला पुढे ढकलणारा जोर १४५ किलो, टायरचा अडथळा ५८ किलो. उरलेले ८७ किलो जुवावाटे बैलांच्या मानेवर. वंगण संपत आलेल्या धावेच्या गाडीत अडथळाच भाराच्या पाच टक्क्यांच्या घरात असे. त्यामुळे असल्या उतारावर ती बैलांना ढकलत नसे आणि तिला ब्रेकची गरज जाणवत नसे. चाक सुधारले आणि ब्रेकचा प्रश्न जन्माला आला. तो अनेक ठिकाणी आजही सुटलेला नाही. हंगामात लातूरच्या आसपासच्या रस्त्यांवर उतरणीला बैल मागे रेलून, पाय रोवून, घसरत उतरताना दिसतात. झिजून गुळगुळीत झालेले, ट्रकचे टाकून दिलेले टायर, त्यात निम्मी हवा, आणि वर पाचटासकट ऊस. टायर निवडताना काय पाहावे हा प्रश्न या बैलांच्या वतीने कोणी विचारत नाही.

टाकाऊ टायरांची एक गंमत येथेच सांगतो. राजस्थानात उंटगाड्यांना विमानाचे जुने टायर लावण्याची पद्धत आहे. रुंद आणि मजबूत असल्याने ते वाळूत रुतत नाहीत. अमेरिकेत १९३२ साली अॅलिस-चामर्स कंपनीच्या ट्रॅक्टरला पहिल्यांदा हवेचे टायर चढवले तेही फायरस्टोन कंपनीचे विमानाचेच टायर होते, आणि त्यांत हवा अगदी कमी ठेवली होती. त्याआधी ट्रॅक्टरला खिळ्यांची लोखंडी चाके असत. शेतकऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून पुढल्या वर्षी एका मोटारशर्यतपटूने ट्रॅक्टर ताशी शंभर किलोमीटर वेगाने पळवून दाखवला! ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर तिरप्या, उंच पट्ट्या असतात. चाक फिरताना त्या चिखल बाजूला रेटून बाहेर टाकतात. पट्टे उलटे बसवले तर चिखल आत साठतो.

जीप आली दुसऱ्या महायुद्धात. तिच्या लष्करी टायरांवर दोन्ही दिशांना सारखीच नक्षी असे, म्हणजे कोणतेही चाक कोठेही बसवता येई. सोयीचे, पण चिखल झटकण्यात ते उणे पडत. पुढे हौशी लोक वाळवंटात, डोंगरात गाड्या नेऊ लागले आणि परत त्याच गाडीने कामावर जाऊ लागले. त्यांच्यासाठी १९७६ साली बी. एफ. गुडरिच कंपनीने ‘ऑल-टेरेन’ नावाचा रेडियल टायर काढला. हा टायर म्हणजे एक तडजोड आहे. खाचा मोठ्या ठेवल्या तर चिखल सुटतो पण डांबरी रस्त्यावर आवाज येतो, पकड घटते. खाचा लहान ठेवल्या तर रस्त्यावर छान आणि काळ्या मातीत आमची झाली तशी गत.

आता बर्फ. फिनलंडमध्ये रस्ते हिवाळ्यात साफ केले जात नसत तेव्हा, १९३४ साली, तेथील रबर कारखान्याने ट्रकसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी बर्फाचे खास टायर काढले. तेव्हाची युक्ती आडव्या खोल खाचांची होती, म्हणजे ट्रॅक्टरच्याच जातीची. पुढे दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली रबराची. रबराची साखळीसारखी रेणुरचना थंडीत हालचाल सोडते आणि रबर कडक होते. नैसर्गिक रबर उणे ७० अंशांच्या आसपास काचेसारखे होते. उन्हाळी टायरांचे मिश्रण मात्र ७ अंशांखालीच ताठरू लागते. म्हणून हिवाळी टायरात वेगळे मिश्रण असते. दुसरी गोष्ट अधिक मजेची. दाबलेला बर्फ बर्फाला धरून ठेवतो. म्हणून हिवाळी टायरवर शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ भरून राहावा हीच अपेक्षा असते.

येथे चिखल आणि बर्फ यांच्या वाटा उलट दिशेला जातात. चिखलात खाचा रिकाम्या व्हायला हव्यात, बर्फात त्या भरायला हव्यात. असे असूनही टायरांवर कित्येक वर्षे ‘एम अधिक एस’ असा एकच शिक्का येत राहिला : चिखल आणि बर्फ, दोन्ही एकत्र. तो शिक्का फक्त नक्षीच्या आकारावरून मिळतो, चाचणीवरून नव्हे. १९९९ साली अमेरिका व कॅनडात तीन शिखरे आणि मध्ये हिमकण असे चिन्ह आले. ते मिळवायला दाबलेल्या बर्फावर ठरावीक पकड प्रत्यक्ष दाखवावी लागते.

तेव्हा गुरुजींना आम्ही असे सांगितले. मुलाच्या टायरवर हे शिखरांचे चिन्ह आहे का ते आधी पाहा. काही ऑल-टेरेन टायरांवर ते असते, आणि थोडक्या बर्फाच्या गावी तेवढ्यावर भागते. मिनेसोटात पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जातो. तेथे खरे हिवाळी टायरच घ्यावेत, आणि चारही चाकांना सारखे. चारही चाकांना जोर मिळतो म्हणजे गाडी निघते लवकर. थांबायच्या वेळी सगळ्याच मोटारींचे चारही ब्रेक लागतात, तेथे तिचा वरचढपणा काही नाही. आणि हवा पाहत जा. ३० अंशांना ३५ पौंड भरलेली हवा उणे १५ अंशांना साडेसत्तावीस पौंडांवर येते. दाब मोजताना वातावरणाचे १४.७ पौंड मिळवून आणि तापमान केल्व्हिनमध्ये घेऊन हा हिशेब वर्गात करता येईल. आपल्याकडेही डिसेंबरात पहाटेच्या १२ अंशांना आणि दुपारच्या ३० अंशांना तीन पौंडांचा फरक पडतो. पंक्चरच्या दुकानात गाडी कोणत्या वेळी नेली यावर हवा ठरते.

“आणि आपल्या गाडीवाटेला कोणते टायर चांगले, सर?” गुरुजींनी पाठोपाठ विचारले. आम्ही मोठ्या खाचांच्या टायरांची किंमत काढून आलो होतो. वर्षातले तीनशेहून अधिक दिवस आमची जीप डांबरावर असते हे ध्यानात घेऊन ते घेतले नाहीत. जुनेच ठेवले आहेत. गाडीत हवा मोजायचे यंत्र आणि पायाने भरायचा पंप ठेवला आहे, आणि पाऊस झाल्यावर शिरूरकडच्या विहिरींचे नमुने घ्यायला जाण्याआधी त्या शेतकऱ्याला फोन करून वाफसा आला का ते विचारतो. मागच्या खेपेला तो म्हणाला, आणखी दोन दिवस थांबा.